पगाराला सात तारीख, पोटगीला पुढची तारीख

प्रति,
हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरचे कारखानदार, वाडीचे गोदाममालक, इतवारी-सीताबर्डीचे दुकानदार आणि लेबरचा ठेका चालवणारी समस्त मंडळी,
नागपूर.

सेठजी, साहेब, भाऊ, ज्याला जे लागू पडेल ते समजून घ्या.

तुमच्यातल्याच एकाच्या टाइम ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली. हिंगणा रोडच्या एमआयडीसीत. मस्टर (हजेरीपट), ओटी (ओव्हरटाइम), रजेचे अर्ज, पीएफचं चलन, ईएसआयसीची (कामगार विम्याची) कार्डं आणि सात तारखेचा पगार, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली. कंपनीचं नाव सांगत नाही, सेठजींचंही नाही. ते आता हयात नाहीत, आणि गोष्ट त्यांच्या एकट्याची नाहीच.

हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी मी माझ्या भाचीच्या ऑफिसात बसतो. ती सिव्हिल लाइन्सच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तिला कायदा येतो, पगारपत्रक येत नाही. ‘मामाजी, हे व्हीडीए काय आहे, आणि एलओपीचे सहा दिवस कुठून आले?’ असं विचारत विचारत तिने मला कामाला लावलं. (व्हीडीए म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भत्ता, एलओपी म्हणजे बिनपगारी दिवस.) तिच्याकडे पोटगीसाठी येणाऱ्या बायांच्या फायलींत नवऱ्याच्या पगाराचे जे काही कागद असतात ते मी वाचतो. मोबदला म्हणून चहा मिळतो.

त्या फायलींत मला एक दाखला पुन्हा पुन्हा भेटतो. कंपनी वेगळी, सही वेगळी, शिक्का वेगळा. पण युक्ती ओळखीची असते, कारण ती मीही केलेली आहे.

२०११ ची गोष्ट. आमच्याकडे एक ऑपरेटर होता, मशीनवर चौदा वर्षं झालेला, हाताचा एकदम सफाईदार. बायको माहेरी गेलेली, तिने पोटगीचा अर्ज टाकलेला, कोर्टाने पगाराचा दाखला मागितलेला. सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘लिहून दे ना काही तरी कमी-जास्त. आपलाच पोट्टा आहे, मशीन सांभाळून राहिला इतक्या वर्षांपासून.’ मी लेटरहेड घेतलं आणि लिहिलं: ‘सदर कामगाराचे मूळ वेतन दरमहा रु. ६,४०० आहे.’ खाली गोल शिक्का. त्या महिन्यात घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, धुलाई भत्ता, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह आणि ओटी धरून त्याच्या हातात पंधरा हजारांच्या वर गेले होते. व्हाउचर मीच बनवलं होतं.

बघा, दाखल्यात एक शब्द खोटा नव्हता. मूळ वेतन तेवढंच होतं. बाकीच्याबद्दल मी फक्त काही लिहिलं नाही. कोर्टाने बायकोला दीड हजार आणि मुलाला आठशे धरले. ऑपरेटरने मला अर्धा किलो संत्रा बर्फी आणून दिली. मी ती घरी नेली, पोरांनी खाल्ली.

पुढे ते दोन हजार तीनशेही त्याने धड दिले नाहीत. मग ती बाई दर महिन्याच्या सात तारखेला गेटसमोरच्या कडुलिंबाखाली येऊन उभी राहू लागली, मुलाचा हात धरून. शिफ्ट सुटली की माणसं तिच्याकडे पाहत पाहत सायकली काढायची. तिचा नवरा मागच्या गेटने जायचा. मागचं गेट फक्त भंगाराच्या गाडीसाठी उघडायचं, आणि त्याची चावी टाइम ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची. ती त्याला कोण द्यायचं ते सांगायची गरज नाही.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, मागावर. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल. कायद्याने कुणी सांगायच्या कितीतरी आधी तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड होता, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जायचं. पगाराच्या दिवशी माझी आई इतर बायांसारखी फाटकाबाहेर जाऊन उभी राहायची. तिला पाहून कुणी हसत नसे. त्या काळी मिलचं फाटक हेच बायांचं कोर्ट होतं: दारूच्या गुत्त्यापर्यंत पैसे पोचायच्या आत किराण्याचे काढून घ्यायचे. आईने ज्या फाटकावर उभं राहून आम्हाला वाढवलं, तसल्याच एका फाटकावर मी दुसऱ्या बाईला ऊन खायला लावलं. असो.

आता तुमच्या कामाचं बोलतो. मधल्या काळात दोन बाजूंनी कायदा सरकला आहे. कोर्टाच्या बाजूने आणि कारखान्याच्या बाजूने. तुमचे सल्लागार तुम्हाला दुसरी बाजू सांगतात, कारण तिच्यात पीएफचा बोजा वाढतो. पहिली कुणी सांगत नाही. आणि दोन्हींचा सांधा कुठे आहे हे तर वकिलांनाही टाइम ऑफिसात बसल्याशिवाय दिसत नाही.

पहिली बाजू आपल्या गावातूनच निघाली आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं एक अंतरिम पोटगीचं, म्हणजे खटला चालू असतानाच्या पोटगीचं प्रकरण. २०१३ चा अर्ज, २०१५ चा हुकूम. नवरा आधी उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात गेला, मग थेट सर्वोच्च न्यायालयात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी त्यात जो निकाल दिला, तो आज देशभरातल्या पोटगीच्या प्रत्येक फायलीत लावला जातो. नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर उघडी करायची, त्याचा नमुनाच कोर्टाने जोडून दिला. त्या नमुन्यात तुम्हीही आहात. खासगी नोकरी असेल तर मालकाचा दाखला जोडायचा, त्यात हुद्दा आणि दरमहाचं एकूण वेतन लिहायचं, सोबत फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला कागद. एकूण, म्हणजे ग्रॉस. मूळ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने माझी युक्ती पकडली म्हणा ना. पण तुमच्या टाइम ऑफिसांना अजून पत्ता नाही. मागच्याच महिन्यात ‘बेसिक’ लिहिलेला एक दाखला मी भाचीच्या टेबलावर पाहिला. बुटीबोरीचा होता, एवढंच सांगतो.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या कामगारांना त्यांच्या वकिलांनी सांगायला हवी होती. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते, हुकमाच्या तारखेपासून नाही. म्हणजे तारखा लांबवून काही वाचत नाही, थकबाकीचा ढीग तेवढा उंच होतो. मग वॉरंट निघतं, आणि प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते. तुमचा ऑपरेटर आत, तुमची मशीन बंद, बायकोला तरीही दमडी नाही, कारण आत बसून कोण कमावणार? १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ गेलं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं, पण हे गाडं तसंच आहे. नवीन काय, तर म्हाताऱ्या आई-बापांना पोरावर अर्ज करायचा असेल तर आता ते स्वतः राहतात तिथेच करता येतो, पोराच्या गावी जाऊन खेटे घालायला नकोत. आणि त्याच जुलैच्या १० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं, की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही या कलमाखाली दाद मागता येते. मोमीनपुऱ्यातल्या दोन बाया त्याच आठवड्यात भाचीकडे आल्या होत्या.

दुसरी बाजू तुमच्या घरची. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत विरले. माझ्या सगळ्या आयुष्याचं पाठांतर वाया गेलं हे खरं, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की यातली तीन-चार कलमं लिहिणारा माणूस कुठल्या तरी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसून आला असावा. तसं काही नसेल. पण बघा.

वेतन संहितेने वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडं, वाहन, ओटी, कमिशन वगैरे जे वगळायचं, ते सगळं मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर वरचं परत वेतनात धरायचं. म्हणजे ६,४०० बेसिक आणि बाकी सगळे भत्ते, हा जो आपला खानदानी हिशोब होता, तो मोडला. तुम्ही पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाढते म्हणून कपाळाला हात लावता. मला त्यात ती कडुलिंबाखालची बाई दिसते.

त्याच संहितेत पगाराची स्लिप देणं आलं, आणि तिथे दहा कामगार की वीस हा प्रश्न नाही. दुकानदार मंडळींनो, राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने-आस्थापना कायद्याची मर्यादा दहावरून वीसवर न्यायचा निर्णय घेतला, तेव्हा इतवारीत बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. त्या भरात स्लिपही सुटली असं समजू नका. दुकानात तिघंच पोट्टे असले तरी पगार दिला की त्याचा कागद द्यायचा.

आणि नियुक्तीपत्र. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ते सक्तीचं केलं. ज्यांना आजवर दिलं नव्हतं, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. साधा कागद. पण न्यायालयात ‘माझा नवरा अमुक कंपनीत कामाला आहे’ हे सिद्ध करण्यात बायांची वर्षं जातात, साहेब. वर्षं. नवरा म्हणतो, मी बेकार. बाई म्हणते, निळा शर्ट घालून रोज बसने जातो. कोर्ट शर्टावर हुकूम कसा देणार? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायको-पोरांना पोसलं पाहिजे. त्यामुळे कागद नसला की न्यायाधीश किमान वेतनाच्या अंदाजाने काही तरी धरतात. खरं वेतन दुप्पट असलं तरी.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस बायांची वकिली करून राहिला. थांबा जरा. कागद फक्त नवऱ्याचाच खोटा नसतो.

वाडीच्या एका गोदामात पॅकिंगचं काम करणारी एक बाई गेल्या हिवाळ्यात आली. नवऱ्याने सोडलेली, दोन मुली. नवऱ्याच्या वकिलाने तिचंच पासबुक कोर्टात लावलं होतं: दरमहा तेरा हजार दोनशे जमा, मग हिला पोटगी कशाला? बाई म्हणते, माझ्या हातात आठच हजार पडतात. भाचीला वाटलं बाई लपवते. मी पासबुक घेतलं आणि तारखा जुळवल्या. पैसे जमा व्हायचे त्याच दिवशी दुपारच्या आत वाडीच्याच एटीएममधून पाच हजार निघायचे, दर महिन्याला, न चुकता. बाई काही बोलेना. शेवटी म्हणाली, ‘कार्ड मुकादमापाशी असते ना जी.’ ठेकेदार कागदावर किमान वेतन पूर्ण दाखवतो, बँकेत टाकतो, आणि कार्ड त्याच्याच खिशात. सरकारला कागद चोख. पण तोच चोख कागद त्या बाईच्या विरोधात पुरावा होऊन उभा राहिला.

एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, नवऱ्याचा पगार कागदावर खाली दाबलेला आणि बायकोचा वर फुगवलेला. दोन्ही कागद तुमच्याच मंडळींनी बनवलेले. आणि दोन्हींमधली फट ज्यांच्या ताटातून भरली जाते त्या दोन मुली चौथीत आणि सातवीत आहेत.

आम्ही तिला म्हटलं, हे शपथपत्रावर सांग. ती म्हणाली, ‘काकाजी, काम गेलं तर?’ ते शपथपत्र अजून झालेलं नाही.

आता तुमचा नेहमीचा सवाल. घरच्या भांडणात आम्हाला काहून ओढता? आम्ही मशीन चालवावी की लोकांचे संसार? तर, ओढलं कायद्याने, मी नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा घ्या. त्याच्या कलम २० मध्ये लिहिलं आहे, की नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर दंडाधिकारी थेट त्याच्या मालकाला सांगू शकतात: पगारातला इतका हिस्सा बाईला द्या नाही तर कोर्टात भरा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्याहून जुनं आहे. सावकाराच्या हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या आदेशात, पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, जप्त होत नाहीत. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र एक तृतीयांशच सुरक्षित. कायद्यालाही कळतं की बायको म्हणजे सावकार नव्हे. वेतन संहितेतही कोर्टाच्या हुकमाने होणारी कपात ही कायदेशीर कपात आहे, एकूण कपात निम्म्यावर जाऊ नये एवढीच अट.

त्या निम्म्याच्या अटीतच आणखी एक गंमत चालते, ती मी जवळून पाहिली आहे. कोर्टाचं पत्र येणार असं दिसलं की माणूस पतसंस्थेतून मोठं कर्ज उचलतो. हप्ता मोठा बांधून घेतो. मग पोटगीची कपात करायला जागाच उरत नाही. पतसंस्थेचा चेअरमन आपलाच, टाइम ऑफिस आपलंच. दुसरी गंमत राजीनाम्याची. नोटीस लागली की दुसऱ्या आठवड्यात कामगार कागदावर नोकरी सोडतो, आणि पहिल्या तारखेपासून त्याच मशीनवर, त्याच टोपीत, ठेकेदाराच्या मस्टरवर उभा राहतो. फुल अँड फायनल घेऊन मोकळा. वेतन संहितेप्रमाणे तो हिशोब आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. कामगाराच्या दृष्टीने उत्तम नियम, मीही टाळ्या वाजवल्या. पण कोर्टाचा हुकूम तुमच्या फायलीत पडलेला असताना दोन दिवसांत सगळे पैसे त्याच्या हातात ठेवलेत, तर त्या हुकमाचं काय? आधी फाइल उघडा, मग चेक लिहा.

नवऱ्यांच्या बाजूनेही सांगतो, नाही तर माझ्या जुन्या दोस्तांना वाटेल मी फितूर झालो. खरा कागद त्यांनाही वाचवतो. एका बाईच्या अर्जात नवऱ्याचा पगार चाळीस हजार लिहिला होता, कारण मेहुण्याने कुठे तरी तसं ऐकलं होतं. सहा महिन्यांच्या स्लिपा आल्या, सोळा निघाला, हुकूम सोळावर झाला, आणि आश्चर्य म्हणजे तो माणूस दर महिन्याला पैसे भरतो. परवडतात म्हणून भरतो. औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर नेली आहे, म्हणजे मधल्या कारखान्यांतून माणसं काढणं तुम्हाला सोपं झालं. ज्याला खरंच काढलं त्याने पोटगी कमी करून मागायला कोर्टात जायचं तर हातात तुमचं पत्र हवं. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं गेटवर सांगितलं की तो माणूसही त्या बाईइतकाच उघडा पडतो.

तुमच्याकडे काम करणाऱ्या बायांबद्दलही एक-दोन गोष्टी. पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची आहे, २०१७ पासून, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण दुसऱ्या लग्नानंतरचं मूल असेल तर एचआरवाले अजून बोटं मोजतात. २३ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात असं मोजणं चुकीचं ठरवलं. पहिल्या लग्नाची मुलं पहिल्या नवऱ्याकडे, दुसऱ्या लग्नाचं हे पहिलं मूल, आणि तिला तिसरं म्हणून रजा नाकारली होती. नव्या संहितेत बायांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करता येते, चांगलं आहे, दोन पैसे जास्त मिळतात. पण मुलांच्या ताब्याच्या खटल्यात समोरचा वकील पहिला सवाल हाच करतो: रात्री कामावर जाता, मग पोरांजवळ कोण झोपतं? पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असले की पाळणाघर सक्तीचं आहे. ते नुसतं बोर्ड लावून न ठेवता चालवलंत, तर त्या सवालाला तिच्याकडे उत्तर असेल. आणि एक गमतीचं. सामाजिक सुरक्षा संहितेत कामगार बाईच्या ‘कुटुंबात’ तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही धरले आहेत. सुनेने सासूला ईएसआयसीच्या कार्डावर घेतलं. आता सासूने सुनेला घरात घेतलं की काम फत्ते.

तर मागणी काय ते स्पष्टच लिहितो, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की म्हाताऱ्याने नुसतं रडगाणं गायलं.

नियुक्तीपत्रं द्या, ठेकेदाराच्या माणसांनाही मिळाली की नाही ते बघा, आणि त्यात पगाराचा आकडा पूर्ण लिहा. कोर्टासाठी दाखला मागायला कुणी आलं तर एकूण वेतन लिहा, ओटी आणि इन्सेंटिव्हसह, आणि मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा जोडा. ‘मूळ वेतन’ हे दोन शब्द त्या कागदावर एकटे दिसू देऊ नका. कोर्टात पुराव्याला चालणाऱ्या खोट्या दाखल्याला भारतीय न्याय संहितेत खोट्या साक्षीइतकीच शिक्षा आहे, आणि सही सेठजींची नसते, टाइम ऑफिसातल्या पोराची असते. त्याचा तरी विचार करा. कोर्टाचं पत्र आलं की ते कुणाच्या टेबलावर जाईल हे ठरवून ठेवा. एका माणसाचं नाव. नाही तर ते गेटवरून अकाउंट्सला, अकाउंट्सवरून एचआरला, तिथून ‘सेठजी बाहेरगावी आहेत’ इथे जातं आणि दोन तारखा उलटतात. कपातीच्या यादीत कोर्टाचा हुकूम पतसंस्थेच्या वर ठेवा. सात तारखेला कामगाराचा पगार जमा करता, त्याच दिवशी त्याच्या बायकोचा हिस्सा जमा करा. बँकेच्या पोर्टलवर एक ओळ जास्त, बाकी काही नाही. आणि ठेकेदार मंडळींनो, मुकादमांच्या खिशातली एटीएम कार्डं ज्यांची त्यांना परत करा. मी पासबुकं वाचतो. आता माझ्यासारखे वाचणारे आणखी दोघं तयार होऊन राहिले आहेत.

तुमच्यापैकी कुणाला दाखल्याचा नमुना हवा असेल, कोर्टाच्या पत्राला उत्तर कसं लिहायचं ते टाइम ऑफिसातल्या पोरांना दाखवायचं असेल, तर मला बोलवा. मंगळवार-गुरुवार सोडून कोणताही दिवस चालेल. हिंगण्याला शहर बसने येईन, बुटीबोरीला तुमच्या स्टाफ बसमध्ये जागा द्या. फी नाही, जेवणाचा डबा माझा मी आणेन.

बर्फी नको.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
हिंगणा रोड, नागपूर